ओळीच्या शेवटी दोन खुणा

नाही नाही, बेल दाबू नका, कितीही दाबलीत तरी आत कोणी नाही — बारकी सकाळी सहालाच बाहेर पडली आणि अण्णा, म्हणजे तिचे वडील, कोपऱ्यावर दाढी करायला गेलेत, एकदा त्या खुर्चीत बसले की तासभर उठायचं नाव नाही — तुम्ही इकडे या, समोर, माझ्याकडे. जिन्यात उभं राहून काय करणार? पायपुसण्यावरून जपून, ते सरकतं. बसा. तिथे नको, ती सासूबाईंची जागा, इकडे पंख्याखाली. तुम्ही गाडीसेवेतलेच ना? फाइलवर गाडीचं चित्र आहे ते दिसलं मला. आमच्या सासूबाईंना डायलिसिसला न्यायला आठवड्यातून तीनदा दाराशी उभी असते ती गाडी, न ओळखायला काय झालं. म्हणजे तुम्ही बारकीचे साहेब. वाटलंच. सांगत असते ती तुमच्याबद्दल, चांगलंच सांगते — बहुतेक. आणि तिच्या नोकरीचं काय ते आज ठरणार, हेही मला ठाऊक आहे. तिने नाही सांगितलं, अण्णांनी सांगितलं, अण्णांच्या पोटात काही राहत नाही. म्हणून तर म्हणते बसा. ती यायच्या आधी तुम्हाला सगळं नीट कळायला हवं, कारण ती स्वतःच्या बाजूने धड चार वाक्यं बोलायची नाही. तिच्या वाटणीचं मी बोलते. मला सवय आहे.

फरसबी निवडत बोलले तर चालेल ना? हाताला काम असलं की तोंडाला जरा लगाम बसतो, असं आमचे हे म्हणतात. त्यांना काय कळतंय.

तर सापडलं बरं का, साहेब. काल दुपारी तीन वाजता सापडलं. सोमवारचा तो सगळा गोंधळ का झाला ते सापडलं, आणि मी तिथे होते, माझ्या डोळ्यांदेखत सापडलं, काल रात्री मला झोप नाही, नुसती हसतेय, आमचे हे म्हणाले, तुला लॉटरी लागली का — म्हटलं, त्याहून मोठं. एका खुणेने, डोळ्यांना दिसत नाही अशा एका खुणेने, सात माणसांच्या चाकाच्या खुर्च्या पळवल्या. तुम्ही हसू नका. म्हणजे हसा, मला काय, पण आधी ऐका. मी सातवीपर्यंत शिकलेय, आणि मला समजलं म्हणजे तुम्हाला समजेलच.

तुमची यादी कशी असते? तुम्हालाच सांगतेय मी, तुमचीच यादी — पण मला जशी कळली तशी सांगते, चुकलं तर थांबवा. एका माणसाची एक ओळ. आधी माणसाचं नाव, मग स्वल्पविराम, मग इमारत, स्वल्पविराम, मजला, स्वल्पविराम, कितीची फेरी, स्वल्पविराम, आणि सगळ्यात शेवटी खुर्ची लागते का — हो किंवा नाही. संपली ओळ. बारकीचा प्रोग्राम ती यादी ओळ ओळ वाचतो, स्वल्पविरामावर तुकडे पाडतो, आणि शेवटच्या तुकड्यात 'हो' दिसलं की त्या गाडीत एक खुर्ची टाका असा हुकूम काढतो. सी नावाची भाषा आहे म्हणे, फार जुनी, बारकीपेक्षा जुनी, माझ्याएवढी तरी असेलच. तिच्यात कोणी काही आयतं करून देत नाही, सगळं आपलं आपण. वर्षभर चाललं ना नीट? डायलिसिसला जाणाऱ्या कोणाची एक फेरी चुकली नाही. आणि या सोमवारी एकदम सगळ्या गाड्या रिकाम्या, एकीतही खुर्ची नाही. मागच्या इमारतीतले पहिलवान, तिसरा मजला, लिफ्ट बंद — माहीत आहे तुम्हाला, तुमच्याकडे तक्रार आलीच असणार — त्यांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून चौघांनी उतरवलं, दुसऱ्या मजल्यावर खुर्चीचा पाय मोडला, पहिलवान जिन्यात बसून राहिले, एवढा मोठा माणूस, आणि मशीनला लागायला दीड तास उशीर. माणसाच्या अंगात पाणी साठत असतं, साहेब, दीड तास म्हणजे थट्टा नाही. बारकी ते ऐकून भिंतीला टेकून उभी राहिली ती जेवलीच नाही त्या दिवशी. मी ताट घेऊन गेले, तसंच परत आणलं.

मंगळवारी, म्हणजे काल, सकाळपासून ती त्या प्रोग्रामसमोर आणि मी तिच्या मागे. का म्हणजे? मी तिथे लागतेच. ती यादी दर शनिवारी मीच तपासते — तुम्हाला नव्हतं माहीत? बघा, हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. अहो, कोणाची लिफ्ट बंद आहे, कोणाचा गुडघा या आठवड्यात धरलाय, कोणाचा मुलगा गावाला गेल्यामुळे धरायला कोणी नाही, हे ऑफिसात बसून कळतं का? ते मला कळतं. लोक मला भोचक म्हणतात, म्हणू देत. बारकी यादी पेन ड्राइव्हवर घालून देते, मी माझ्या लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरवर — ती लग्न होऊन गेली तेव्हा मागे ठेवून गेली — त्यावर उघडून वाचते, आणि मग दारात उभी राहून तिला ओरडून सांगते, पहिलवानांना आता हो कर, शिंपीणबाईंना नाही कर, त्या काठीने चालायला लागल्या. मग ती तोच पेन ड्राइव्ह तिच्या मशीनला लावून त्यावरची यादी बदलते. मला एकच गोष्ट बजावलेली, मावशी, वाच फक्त, हात लावू नकोस.

तर काल. तिने यादी उघडून शंभरदा पाहिली. 'हो' जिथल्या तिथे. पहिलवान, स्वल्पविराम, सगळं बरोबर, शेवटी हो. मग प्रोग्राम 'हो'ला 'हो' का मानत नाही? मी म्हटलं, त्याला चष्मा लागला असेल. ती हसली नाही. मग तिने काय केलं, प्रत्येक ओळीतला शेवटचा शब्द कंसात घालून पडद्यावर दाखवायला सांगितला, चौकोनी कंस, आधी उघडता, मग शब्द, मग बंद. म्हणजे कसं दिसायला पाहिजे — कंस, हो, कंस. आणि दिसलं काय? बंद कंस सगळ्यात पुढे. हो-च्या आधी. उघडत्या कंसाचा पत्ताच नाही, त्याच्या डोक्यावर जाऊन बसलेला हा बंद कंस, आणि मागून हो, आणि पुढे काही नाही. जवळजवळ सगळ्या ओळींना तसंच, एकाखाली एक, जसे उलटे बूट घातलेले. मी म्हटलं झालं, हा प्रोग्राम दारू प्यायला.

आणि अण्णा मागे खाटेवर पडून होते ना — अण्णा चाळीस वर्षं टायपिस्ट होते, अजून मशीन ठेवलंय, आठवड्याला एकदा तेल घालतात — ते उठून बसले, पडद्याकडे पाहिलं, आणि साहेब, तो म्हातारा असा हसायला लागला, असा हसायला लागला की मला वाटलं याला काही होतंय. पाणी आणायला पळाले मी. तर म्हणाले, "अगं, रूळ मागे आला, कागद वर सरकलाच नाही."

कळलं का तुम्हाला? मलाही नाही कळलं. मग त्यांनी मशीन ओढून आणलं, त्यात कागद घातला आणि दाखवलं. ओळ संपली की टायपिस्ट काय करतो? दांडी ढकलतो. त्या एका ढकलण्यात दोन कामं होतात — कागद धरलेला वरचा रूळ मागे जागेवर येतो, म्हणजे पुन्हा ओळीच्या सुरुवातीला, आणि कागद एक घर वर सरकतो, म्हणजे नवी ओळ. दोन वेगवेगळी कामं, बरं का. रूळ नुसता मागे आणलात आणि कागद वर सरकवला नाहीत तर पुढचं अक्षर जाऊन पहिल्याच अक्षरावर बसणार. कंसावर कंस. अण्णांनी करून दाखवलं, हुबेहूब तसंच उमटलं कागदावर, आणि बारकीने त्यांच्या गालाचा मुका घेतला. वडिलांचा. तीस वर्षांची घोडी.

मग ती भराभर. पडद्यावर तिने अक्षरांऐवजी अक्षरांचे नंबर काढले, कॉम्प्युटरला प्रत्येक खुणेचा नंबर असतो, आणि 'हो'च्या मागे बसलेले दोन नंबर — तेरा आणि दहा. तेरा म्हणजे रूळ मागे आण, दहा म्हणजे कागद वर सरकव. त्या टाइपरायटरच्या दांडीचं भूत अजून कॉम्प्युटरात आहे, साहेब. काही कॉम्प्युटर ओळ संपली की दोन्ही लिहितात, काही नुसता दहा लिहितात, ज्याची त्याची रीत. बारकीच्या मशीनची रीत एका खुणेची. म्हणून तिचा प्रोग्राम ओळ वाचल्यावर शेवटची एक खूण खुडून टाकायचा, ही बघा, अशी, या शेंगेचं टोक खुडतात तशी, आणि उरलेली शेंग साफ. पण या वेळी यादीतल्या ओळींना टोकं दोन. याने एक खुडलं, दहा गेला, तेरा तसाच 'हो'ला चिकटून. दिसत नाही, वाजत नाही, पण आहे. आणि सी काही आपल्यासारखी समजून घेणारी नाही, तिला 'हो' पाहिजे म्हणजे 'हो'च पाहिजे, शेपटीसकट आलेला 'हो' तिच्या लेखी परका. त्याला दारातून परत पाठवलं. सात जणांना परत पाठवलं.

आता कसं केलंय तर — आणि हे मी पाठ केलंय — शेवटून आंधळेपणाने एक खूण खुडायची नाही. ओळीच्या सुरुवातीपासून चालत जायचं, तेरा किंवा दहा, जो पहिला भेटेल तिथे ओळ तोडायची. दोन टोकं असोत, एक असो, साफ. आणि एकही नसेल तर काहीच तोडायचं नाही, कारण ते आधीचं खुडणं काय करायचं, शेवटच्या ओळीला पुढे एंटर मारलेलं नसलं की खूणच नाही, मग हा सरळ शब्दाचाच तुकडा खुडायचा. सासूबाईंचं तसंच झालं होतं, त्यांच्या 'नाही'ची वेलांटी अर्धी कापली गेली आणि तिथे काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह, कारण त्यांची ओळ अगदी तळाशी, नव्याने टाकलेली, तिच्यापुढे एंटर मारायचं राहूनच गेलं माझ्या —

काय?

नाही, कोणाच्या नाही. राहून गेलं. एंटर. राहतं कधी कधी.

तळाशी कशी म्हणजे? असेल तळाशी. यादीत कोणीतरी तळाशी असणारच की. साडेसातवाले वर असतात आणि साडेनऊवाले — हो, सासूबाई साडेसातच्या फेरीला असतात. असायच्या. तुमच्या लक्षात कशी राहते हो एवढी माणसं? बरं. शेंगा झाल्या. पाणी देऊ का तुम्हाला? नको. बरं.

बघू नका असं. सांगते.

शनिवारी मी यादीला हात लावला. तेवढी एक ओळ. साडेसातमधून काढली आणि खाली साडेनऊच्यात टाकली, साडेनऊला एक जागा रिकामी होती, मी मोजून पाहिलं, कोणाला उठवलं नाही. आणि सेव्ह केलं. आता मला काय ठाऊक की लेकीच्या त्या कॉम्प्युटरची रीत दोन खुणांची आहे आणि तो एका ओळीपायी सगळ्या यादीला आपली रीत लावून मोकळा होतो. मी आपलं बटण दाबलं आणि पेन ड्राइव्ह परत दिला. का केलं? हसाल तुम्ही. घड्याळवाले आजोबा आहेत ना, खिडकीशी बसतात ते, साडेनऊला. गेल्या महिन्यात एकदा साडेसातची गाडी बंद पडली म्हणून सासूबाई त्या गाडीने गेल्या. साहेब, पाच महिने त्या बाईने डायलिसिसहून आल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपण्यापलीकडे काही केलं नव्हतं. त्या दिवशी आल्या त्या हसत. म्हणे ते आजोबा त्यांना किती वाजले विचारतात, आणि सासूबाईंचं घड्याळ दहा मिनिटं मागे असतं हे ठाऊक असून स्वतःचं घड्याळ यांच्याप्रमाणे लावतात. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या, आणि मला शपथ घातली, कोणाला बोललीस तर बघ. मग मी अर्ज कोणाकडे करणार होते? काय कारण लिहिणार होते? तुम्हीच सांगा. आणि आता तुम्हाला कळलंय तर गाडीत कोणाला बोलू नका, माझं या घरात राहणं कठीण होईल.

सोमवारी सासूबाई साडेनऊला मजेत गेल्या. आणि पहिलवान जिन्यात बसले. हे दोन्ही मीच केलं, एका बटणाने.

नाही, बारकीला नाही माहीत. तिला कसं — थांबा. थांबा हं. काल नंबर काढताना ती तळापर्यंत गेली होती. काळा चौकोन तिनेच दाखवला मला. म्हणजे ती ओळ तिने वाचली, सासूबाईंचं नाव, साडेनऊ. माझ्याकडे वळून पाहिलं तिने, आठवतंय मला, आणि म्हणाली, "मावशी, प्रोग्रामने कसलीही यादी नीट वाचली पाहिजे. कोणी लिहिली हे विचारायचं त्याचं काम नाही." मला वाटलं ती प्रोग्रामबद्दलच बोलतेय. मी वर मान हलवली, म्हटलं बरोबर आहे तुझं. आणि साडेनऊ तसंच ठेवलं तिने. आजही सासूबाई साडेनऊलाच गेल्या.

गाढव आहे मी.

ते काय काढलंत? दाखवा. नका दाखवू, मला उलटं वाचता येतं, रेशनच्या रांगेत, बँकेत, सगळीकडे वाचत आलेय. हे अण्णांच्या मशीनवरचं टाइप आहे, त्यांच्या मशीनचा 'र' असा वर चढलेलाच उमटतो. "सोमवारची चूक सर्वस्वी माझी आहे. यादी तपासण्यात अन्य कोणाचा संबंध नाही. जबाबदारी म्हणून मी काम सोडत आहे." खाली तिची सही. म्हणजे अण्णांनी हे बसून टाइप केलं, लेकीचा राजीनामा, आणि माझ्याकडे सकाळी चहाला साखर मागायला आले तेव्हा अवाक्षर बोलले नाहीत. अण्णा. ज्यांच्या पोटात काही राहत नाही ते अण्णा.

अन्य कोणाचा संबंध नाही, म्हणे. सगळा संबंध अन्य कोणाचाच आहे. लिहा तुम्ही तिथे, समासात लिहा — समोरची शेजारीण, नको तिथे हात घालते. मी अंगठा नाही, सही करते, सही चांगली आहे माझी. आणि पहिलवानांकडे मी आज संध्याकाळी जाणार आहे, नवी खुर्ची घेऊन, आणि सांगणार आहे कोणी केलं ते. ते ओरडतील. ओरडू देत. त्यांना ओरडायला श्वास आहे याचा आनंद आहे मला.

घ्या, घ्या फोन, माझं काय, मी ऐकत नाही.

… सातही? गाडीवाल्याचा आवाज मोठा आहे हो, इथपर्यंत येतो. सातही खुर्च्या गेल्या. पहिलवानसुद्धा? वेळेवर. मग. काय सांगत होते मी. आणि बारकी पहिल्या गाडीबरोबर स्वतः हिंडतेय, प्रत्येक दाराशी उतरून बघतेय, हेही सांगितलं ना त्याने. म्हणून ती घरी नाही. पेन ड्राइव्हवर काल तिने मुद्दाम तीन याद्या करून ठेवल्या होत्या, एक दोन खुणांची, एक एका खुणेची, एक शेवटी काहीच नसलेली, आणि तिन्ही प्रोग्रामला चारून पाहिल्या, तिन्हींतून सात. असा माणूस तुम्हाला दुसरा मिळायचा नाही, साहेब. दुसऱ्याची चूक खपवून घेणारे पुष्कळ असतात. दुसऱ्याने ती पुन्हा केली तरी कोणाचं वाईट होऊ नये अशी सोय करून ठेवणारा शोधून दाखवा.

पेन? पेन कशाला? मंजुरीची सही करायला?

नाही बुवा आमच्या घरात पेन. ते ना, कॅलेंडरला लटकतंय ते? ते चालत नाही, शाई वाळलीय. कालची तारीख गोल केलीय ती — ती कालच वाळली. टेबलावरचं तेही नाही चालत. ते तर मुळीच नाही. शेजारी मागाल तर शेजारी मीच आहे, आणि वर कोणी राहत नाही. तुमच्या खिशात नाही म्हणून तर माझ्याकडे मागताय ना? मग झालं. एवढ्या मोठ्या सेवेचा साहेब आणि पेन घेऊन निघत नाही, आता याला मी काय करणार.

हसताय. हसा. माझ्यावर हसायला कोणाला पैसे पडत नाहीत. घडी करताय ती मात्र नीट करा, चार पदरी, अशी, आणि आतल्या खिशात. वरच्या नको, वरच्यातून डोकावते.

ती आली बघा, जिन्यावर. दोन पायऱ्या एकदम चढते ती, बाकी कोणी चढत नाही. जा तुम्ही. तिला पाहिल्या पाहिल्या आधी सात सांगा, मग बाकी काय ते. आणि मी काही बोलले नाही तुमच्याशी, मी शेंगा निवडत होते. जा आता, मला स्वयंपाक पडलाय. दार ओढून घ्या — नाही, इतकं नको. थोडं उघडं राहू दे.